मोडेमला शिव्या घालण्याआधी पाण्याकडे बघा

गोव्यात दोनापावलाच्या जेट्टीवरून किंवा झुआरी नदीत होडीतून अकूस्टिक मोडेम, म्हणजे पाण्याखाली आवाजातून डेटा पाठवणारं यंत्र, टेस्ट करणार असाल तर लॅपटॉप नंतर उघडा, आधी पाणी बघा. आमचे पहिले दोन दिवस केबल, बॅटरी, सॉफ्टवेअर तपासण्यात गेले आणि घोळ होता वरच्या पाण्याचा.

खालून बघितलं तर समुद्राचा पृष्ठभाग म्हणजे आरसाच. पाण्यात आवाज सेकंदाला साधारण 1500 मीटर जातो, त्यातला थोडा सरळ पोचतो आणि थोडा वर आपटून, आणि आपटताना त्याची फेज 180 अंशांनी उलटते, म्हणजे लाटेचा उंचवटा असेल तिथे खळगा येतो. मग रिसीव्हरपाशी दोघं भेटले की कधीकधी एकमेकांना खाऊन टाकतात. त्यामुळे सकाळी पाणी तेलासारखं शांत दिसतं तेव्हा लिंक झकास चालेल असं वाटतं, पण तेव्हाच ती कधीकधी हट्टाने बंद पडते.

हिशोब करून बघा. 25 किलोहर्ट्झ म्हणजे तरंगलांबी 6 सेंटीमीटर, दोन्ही ट्रान्सड्यूसर (पाण्यात आवाज सोडणारे आणि ऐकणारे भाग) 5 मीटर खोल, मध्ये 200 मीटर अंतर. वरून आपटून येणाऱ्या आवाजाला फक्त 25 सेंटीमीटर जास्त जावं लागतं, म्हणजे चार तरंगलांब्यांहून थोडंसंच जास्त. फरक पूर्ण तरंगलांब्यांचा आणि वर फेज उलटलेली, की दोघं एकमेकांना खातात आणि सिग्नलला खड्डा पडतो, म्हणजे तुम्ही खड्ड्याच्या काठावरच उभे आहात. एक ट्रान्सड्यूसर अर्धा-पाऊण मीटर वर-खाली केला की बाहेर येता. म्हणून दोरीला दर अर्ध्या मीटरवर लाल टेप गुंडाळा, आम्ही गुंडाळली नव्हती आणि ओल्या दोरीवर बोटांनी वीत मोजत बसलो. दोन्ही बाजू तळाला पक्क्या असतील तर भरतीचं 30 सेंटीमीटर पाणी चढलं तरी तेवढाच फरक पडतो, तेव्हा नोंदवहीत भरतीची वेळ लिहाच. हे एका फ्रिक्वेन्सीच्या सिग्नलचं झालं हं, रुंद बँड, म्हणजे एकदम बऱ्याच फ्रिक्वेन्सी, वापरला तर खड्डे बरेच भरून निघतात.

दुपारी खारा वारा सुटला की आरसा मोडतो. याच अंतराला 40 सेंटीमीटरच्या लाटा पुरतात, परावर्तन विस्कटून जातं, आणि गंमत म्हणजे कधीकधी लिंक सुधारते. पण प्रतिध्वनी आता दर क्षणाला बदलतो, म्हणून पॅकेट लहान ठेवा आणि स्पीड कमी करा. ट्रान्सड्यूसर होडीला थेट लटकवू नका, होडी दुसऱ्या ट्रान्सड्यूसरच्या दिशेने सेकंदाला अर्धा मीटर सरकली तरी 8 हर्ट्झचा डॉप्लर, म्हणजे फ्रिक्वेन्सीत फरक, बसतो. वजन बांधून वेगळ्या बोयाला सोडा.

खरं लक्ष फेसावर ठेवा. लाटा फुटून पांढरा फेस दिसायला लागला की वरच्या काही मीटरमध्ये बुडबुडे शिरतात आणि पाव मिलिमीटर व्यासाचा बुडबुडा नेमका 25 किलोहर्ट्झच्या आसपास थरथरतो, आवाज गिळतो आणि पसरवतोही. इथे पॉवर वाढवून फार उपयोग नाही, ट्रान्सड्यूसर खाली न्या. आमचा होडीवाला तर फेस दिसायच्या आधीच म्हणाला "आतां वारो मारतलो" (आता वारा सुटणार) आणि नांगराची दोरी हातात घेतली, आम्ही मात्र अजून एक रीडिंग, अजून एक रीडिंग करत बसलो, नंतरची सगळी वाया गेली.

पावसाळ्यात बारीक सरीचा आवाजही त्रास देतो, त्याचा जोर 15 किलोहर्ट्झच्या आसपास असतो, म्हणजे आपल्या शेजारीच. शिवाय झुआरीतून येणारं गोडं पाणी वर पसरतं, त्यात आवाज हळू चालतो, म्हणून आवाजाचे किरण वर वळतात आणि पृष्ठभागावर जास्त आपटतात. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते म्हणून ट्रॉलरचा गोंगाट कमी, तेवढंच बरं.

उन्हात वरचा थर तापला की उलटं, किरण खाली वाकतात, तेव्हा रिसीव्हर उथळ ठेवला असेल तर तोही खाली सोडा.