डिस्चार्ज व्हाउचरवर सही करताना या चुका टाळा

विमा कंपनीचा मेल येतो, सोबत डिस्चार्ज व्हाउचर. ‘पूर्ण व अंतिम रक्कम मिळाली, यापुढे कोणताही दावा नाही.’ खाली रेव्हेन्यू स्टॅम्पची चौकट. दुकानदार फक्त आकडा वाचतो आणि सही ठोकतो.

जुलै 2021 मध्ये चिपळूण बुडालं, तेव्हाचं एक प्रकरण. हार्डवेअरचं दुकान, माल पोटमाळ्यापर्यंत चिखलात. सर्व्हेअरने, म्हणजे नुकसान मोजायला आलेल्या तपासनीसाने, दाव्याच्या निम्म्याहूनही कमी नुकसान धरलं. बँकेचं सीसी (कॅश क्रेडिट) कर्जखातं थकलेलं, घाऊक व्यापाऱ्यांचा तगादा. दुकानदार सही करून मोकळा झाला. पुढे कित्येक महिने कंपनीला एका ओळीचा मेल नाही. मग माझ्याकडे आला, ‘सही दबावाखाली केली हो.’ दबाव खराच होता. पण कागदावर कुठे होता?

अजमेर सिंग कॉटन प्रकरणात (1999) सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की नुसत्या सहीने ग्राहकाचा हक्क संपत नाही. फसवणूक किंवा बळजबरी दाखवता आली तर उरलेली रक्कम मागता येते. व्हाउचरमुळे पुढची दाद बंद होत नाही, असं विमा नियामकाचं 2015 चं परिपत्रकही सांगतं. मात्र सर्वोच्च न्यायालयाच्याच जीनस पॉवरच्या निकालात सुमारे तीन आठवड्यांनी केलेली मोघम तक्रार टिकली नाही. महिनोन्‌महिने गप्प बसलेल्याने काय आशा धरायची?

म्हणून मी सहीच्या आधी मेल पाठवायला लावतो: सर्व्हे रिपोर्टची प्रत द्या, कपातीचा हिशेब द्या, ही रक्कम हरकत राखून घेत आहे. व्हाउचरवरही तेच हाताने लिहायचं. असं व्हाउचर चालणार नाही, असं फोनवर सांगितलं, तर ‘हेच मेलवर कळवा’ म्हणायचं. कळवलं तर पुरावा हाती आला. नाहीच कळवलं, तर झालेलं बोलणं त्याच दिवशी आपणच मेल करून नोंदवायचं. एजंट म्हणतो, ‘आधी सही करा, मग बघू.’ त्याचं ऐकू नका.

दुसरी चूक माल वाहतुकीतली, आणि ती जास्त महागात पडते. ट्रक उलटला, माल गेला. ट्रान्सपोर्टवाला ओळखीचा, त्याने थोडे पैसे दिले आणि ‘आता काही घेणं नाही’ असं लिहून घेतलं. इकडे विमा कंपनीला सबरोगेशन लेटर द्यायचंय, म्हणजे ट्रान्सपोर्टवाल्याकडून वसुलीचा हक्क तिच्या हाती द्यायचाय. तो तर तुम्ही आधीच सोडून दिलात! कंपनी याच मुद्द्यावर दावा अडवते. तिच्या लेखी संमतीशिवाय ट्रान्सपोर्टवाल्याला काहीही लिहून देऊ नका. आणि बुकिंगपासून 180 दिवसांत त्याला लेखी नोटीस धाडाच, नाहीतर वसुलीचा दावाच उभा राहत नाही.

कोऱ्या व्हाउचरवर सही नको. तारीख स्वतःच्या हाताने घाला.

कंपनीशी पत्रव्यवहार चालू आहे म्हणून ग्राहक आयोगाकडे तक्रार करण्याची दोन वर्षांची मुदत थांबत नाही.