युरोबॅग पोटावर ठेवू नका: लघवीच्या नळीबाबत वॉर्डात होणाऱ्या चुका

कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, घालताना निर्जंतुक ग्लोव्हज, ड्रेप, जेली असं सगळं नीट होतं. गडबड होते ती पुढच्या दिवसांत, रोजच्या हाताळणीत.

सर्वांत जास्त दिसणारी चूक शिफ्टिंगच्या वेळची. एक्स-रेला नेताना युरोबॅग, म्हणजे नळीला जोडलेली लघवी साठवायची बॅग, रुग्णाच्या पोटावर टाकली जाते. बॅग मूत्राशयाच्या वर गेली की नळीतली लघवी जंतूंसकट उलटी आत जाते. हलवण्याआधी बॅग रिकामी करा, नळीतली लघवी बॅगेत उतरवा आणि बॅग ट्रॉलीच्या कडेला खाली अडकवा. हे मावशींना आणि वॉर्डबॉयना हाताने करून दाखवा, कारण ट्रॉली तेच ढकलतात. आणि खाली म्हणजे फरशीवर नव्हे.

बॅग दोन-तृतीयांश भरली की रिकामी करायची. पण एकच भांडं आणि तेच ग्लोव्हज घेऊन ओळीने सगळ्या बेडच्या बॅगा रिकाम्या केल्या, तर एकाचे जंतू पुढच्या बेडला आपणच पोचवतो. भांडं प्रत्येकाचं वेगळं, तोटी भांड्याला टेकवायची नाही. ग्लोव्हज घालण्याआधी आणि काढल्यावर २० ते ३० सेकंद हँडरब (अल्कोहोलचं द्रव) हातांवर चोळा. ग्लोव्हज घातले म्हणून हात स्वच्छ झाले, असं नसतं.

कल्चरचं (लघवीत कोणते जंतू आहेत ते पाहायच्या तपासणीचं) सॅम्पल बॅगेतून घेऊ नका. साचलेल्या लघवीत जंतू वाढतात, रिपोर्ट फसवा येतो आणि नको ते अँटिबायोटिक सुरू होतं. नळी आणि बॅगेचा जोडही उघडू नका. सॅम्पलिंग पोर्टच्या (नळीवर सॅम्पल ओढण्यासाठी असलेल्या जागेच्या) खाली १० ते १५ मिनिटं क्लॅम्प लावा, पोर्ट स्पिरिट स्वॅबने घासून वाळू द्या, निर्जंतुक सिरिंजने लघवी ओढा. मग क्लॅम्प काढा. हेच विसरलं जातं! नळी २ आठवड्यांहून जुनी असेल, तर ती बदलून नवीतून सॅम्पल घ्या.

ताप नाही, त्रास नाही, नुसती लघवी गढूळ आहे, तर कल्चर पाठवायची घाई नको.

नळीच्या बाजूने गळतंय म्हणून जाड नळी घालू नका. मूत्रमार्ग आणखी दुखावतो. आधी नळी दुमडली आहे का, रुग्ण तिच्यावर झोपला आहे का, बद्धकोष्ठ आहे का, हे पाहा. मूत्राशयाच्या आकडीनेही गळतं. नळी खरंच तुंबली असेल तर बदला, रोज आतून धूत बसू नका. मूत्रमार्गाच्या तोंडाशी अँटिसेप्टिकही लागत नाही, आंघोळीच्या वेळचं साबण-पाणी पुरतं.

नळी आत असलेल्या प्रत्येक दिवशी लघवीत जंतू शिरण्याची शक्यता साधारण ३ ते ७ टक्के असते. म्हणून सकाळच्या राउंडला डॉक्टरांना विचाराच, “आज ही कशासाठी?” अंथरूण ओलं होतं, हे कारण चालत नाही, पुरुष रुग्णाला काँडम कॅथेटर (लिंगावर बाहेरून चढवायचा) जमतो. नळी काढल्याची वेळ लिहा. ४ ते ६ तासांत लघवी झाली नाही, तर ओटीपोट तपासून डॉक्टरांना कळवा. लगेच दुसरी नळी घालू नका.