गोव्यात डीलरकडून सर्टिफाइड जुनी आलिशान गाडी घेण्यापूर्वी

पाच-सहा वर्षे वापरलेली मर्सिडीज किंवा बीएमडब्ल्यू नव्या गाडीच्या निम्म्या, कधी त्याहूनही कमी किमतीत मिळते. त्यामुळे नव्या मध्यम गाडीसाठी बाजूला काढलेल्या पैशांत आलिशान गाडी घेण्याचा विचार म्हापसा, फोंडा, मडगाव अशा गावांतही आता सर्रास होतो. मात्र वयाबरोबर उतरते ती फक्त गाडीची किंमत; तिच्या सुट्या भागांचे आणि अधिकृत कार्यशाळेतील मजुरीचे दर नव्या गाडीइतकेच राहतात. एखादा गिअरबॉक्स किंवा एअर सस्पेन्शन (हवेच्या पिशव्यांवर गाडी तोलणारी यंत्रणा) निकामी झाले, तर व्यवहारात वाचलेली रक्कम एका बिलात संपू शकते. हा धोका स्वतः उचलतो असे सांगून डीलर ‘सर्टिफाइड’, म्हणजे तपासून वॉरंटीसह विकलेल्या गाडीसाठी चार पैसे जास्त घेतो. म्हणून गाडीपेक्षा आधी ते आश्वासन तपासावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

पहिला प्रश्न, हे आश्वासन देते कोण? मर्सिडीज-बेंझ सर्टिफाइड, बीएमडब्ल्यू प्रीमियम सिलेक्शन, ऑडी अप्रूव्ह्ड प्लस या उत्पादक कंपन्यांच्या योजना असून त्या अधिकृत डीलरांमार्फत चालतात. याउलट, अनेक कंपन्यांच्या जुन्या गाड्या विकणाऱ्या शोरूमचे प्रमाणपत्र बहुधा त्या शोरूमचेच असते आणि वॉरंटी एखाद्या तिसऱ्याच कंपनीकडून विकत घेतलेली असते. अधिकृत डीलरच्या आवारातही योजनेतील आणि योजनेबाहेरील गाड्या शेजारी-शेजारी उभ्या असू शकतात, आणि विक्रेता दोन्हींविषयी एकाच सुरात बोलतो. त्यामुळे पुढ्यातील गाडीच्या चासी क्रमांकासह वॉरंटीचा मसुदा मागावा, आणि तोही टोकन देण्यापूर्वी.

तो मसुदा शेवटाकडून वाचावा, म्हणजे कोणत्या गोष्टी वॉरंटीत बसत नाहीत ते आधी पाहावे. ब्रेक पॅड, टायर, बॅटरी, सस्पेन्शनचे बुश हे झिजणारे भाग वगळलेले असणे समजण्यासारखे आहे. पण एअर सस्पेन्शन, टर्बो, टचस्क्रीन किंवा हायब्रिड बॅटरीही त्याच यादीत असेल, तर महागडे म्हणावेत असे बहुतेक भाग आपल्याच गळ्यात पडतात. ‘विक्रीपूर्वीपासून असलेला दोष’ वगळणारे कलम विशेष काळजीने वाचावे, कारण जुन्या गाडीतील जवळपास कोणताही बिघाड त्या कलमात बसवता येतो. एका दाव्याची आणि एकूण दाव्यांची कमाल रक्कम, वॉरंटी नेमकी कोणत्या तारखेपासून मोजली जाते, आणि दुरुस्ती कोणत्या कार्यशाळेत करावी लागेल, हेही लेखी असावे. शेवटचा मुद्दा गोव्यात फार महत्त्वाचा आहे, कारण येथे प्रत्येक ब्रँडची अधिकृत कार्यशाळा असेलच असे नाही आणि असली तरी प्रत्येक तालुक्यात नसते. काणकोणात बंद पडलेली गाडी पणजीपर्यंत किंवा राज्याबाहेर टोइंग करून न्यायची झाल्यास खर्च कोणाचा, हे खरेदीच्या दिवशी विचारणे सोपे असते.

तपासणीच्या अहवालात शे-दोनशे मुद्द्यांसमोर बरोबरच्या खुणा असतात. खुणांपेक्षा मोजमापे मागावीत: टायरच्या खाचांची आणि ब्रेक पॅडची जाडी मिलिमीटरमध्ये, बॅटरीची चाचणी, आणि प्रत्येक पत्र्यावरील रंगाची जाडी मायक्रॉनमध्ये. कारखान्यातील रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉनांच्या आसपास असतो. एखाद्याच दारावर तो दुप्पट-तिप्पट भरला, तर तेथे पुन्हा रंग किंवा लांबी (पुट्टी) लावली आहे असे समजावे. टायरवरील चार आकडी संकेतात आठवडा आणि वर्ष असते, म्हणजे २३१९ याचा अर्थ २०१९ सालचा तेविसावा आठवडा. त्यानंतर आपल्या पैशांनी स्वतंत्र तपासणी करून घ्यावी. त्या ब्रँडचा स्कॅनर (गाडीच्या संगणकातील बिघाडाच्या नोंदी वाचणारे यंत्र) असलेल्या मेकॅनिककडे गाडी लिफ्टवर चढवून खालून पाहावी. डीलरने याला नकार दिला, तर कारण काहीही सांगितले तरी तेथून निघून यावे.

गोव्यात खालून पाहण्याला वेगळे महत्त्व आहे. चार महिन्यांचा धो-धो पाऊस आणि किनाऱ्यावरची खारी हवा यांमुळे सबफ्रेम (इंजिन व सस्पेन्शन पेलणारा खालचा सांगाडा), ब्रेकच्या नळ्या आणि वायरिंगच्या जोडण्यांवर गंज चढतो. किनारपट्टीच्या गावात उघड्यावर उभी राहिलेली गाडी वरून झगझगीत असली तरी खालून वेगळीच निघू शकते. याहून मोठा धोका पुरात बुडालेल्या गाडीचा आहे. चेन्नईत २०१५ व २०२३ मध्ये, सांगली-कोल्हापुरात २०१९ व २०२१ मध्ये पूर आले, आणि अशा पुरातील गाड्या दुरुस्त होऊन दुसऱ्या राज्यांत विक्रीला जातात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्यावर गाळाची रेषा आहे का ते पाहावे, गालिचा उचलून खालचा फोम हाताने दाबावा, डिकीचा तळ उघडावा. अनेक जर्मन गाड्यांत बॅटरी आणि काही इलेक्ट्रॉनिक भाग डिकीच्या तळाशीच असतात, त्यामुळे पाण्याने केलेले नुकसान तेथे लपत नाही. गाडीत अत्तराचा दाट वास असेल, तर अधिक बारकाईने शोधावे.

डिझेल गाडीच्या बाबतीत एक गोष्ट विक्रेता सहसा सांगत नाही. काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर साफ होण्यासाठी इंजिन काही काळ सलग वेगात आणि गरम चालावे लागते. घर ते बाजार, बाजार ते ऑफिस अशा आपल्याकडील पाच-दहा किलोमीटरच्या फेऱ्यांत ते होत नाही, फिल्टर तुंबतो आणि कंपनी त्याला ‘वापराची पद्धत’ म्हणून वॉरंटीबाहेर ठेवू शकते. रोजचा प्रवास एवढाच असेल, तर पेट्रोल गाडीच पाहावी.

चाचणीसाठी सकाळी जावे आणि इंजिन आधी चालू करून ठेवू नये असे कळवावे. थंड इंजिनचा आवाज, धूर आणि रात्रभर उभ्या गाडीचा एखादा कोपरा एअर सस्पेन्शनमधील गळतीने खाली बसला आहे का, हे तेव्हाच कळते. शोरूमभोवतीची फेरी पुरेशी नाही. कुठ्ठाळीहून वेर्ण्याचा चढ चढताना गिअर बदलताना धक्का बसतो का ते पाहावे आणि नंतर खडबडीत रस्त्यावर काचा बंद करून, रेडिओ बंद ठेवून ऐकावे.

किलोमीटरच्या आकड्यावर विश्वास ठेवण्याऐवजी चासी क्रमांकावरून कंपनीच्या प्रणालीतील सर्व्हिसची नोंद मिळवावी आणि प्रत्येक भेटीतील आकडा पाहावा. अपघाताच्या दाव्यांचा अंदाज जुन्या विमा पॉलिसीवरूनही बांधता येतो. दावा न केल्यास मिळणारा नो क्लेम बोनस, म्हणजे हप्त्यातील सूट, वर्षागणिक २०, २५, ३५, ४५ आणि ५० टक्के असा वाढतो. पहिल्याच मालकाकडे पाच वर्षे पूर्ण झालेल्या गाडीच्या पॉलिसीत तो २० टक्के दिसला, तर मध्यंतरी दावा झाला असावा किंवा विमा खंडित झाला असावा, आणि त्याचे कारण विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे. हा बोनस जुन्या मालकाचा असतो, गाडीबरोबर येत नाही. तेव्हा विम्याचा पुढचा हप्ता त्याविना धरावा.

कागदपत्रांत गोव्यातील खरेदीदार सर्वांत जास्त अडकतो तो परराज्यातील गाडीच्या बाबतीत. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्बंध घातल्यापासून तिकडच्या गाड्या स्वस्तात बाहेर पडू लागल्या. कमी करासाठी पुदुच्चेरीत नोंदवलेल्या महागड्या गाड्याही अधूनमधून दिसतात. स्वस्त किमतीत येथील रोड टॅक्स धरलेला नसतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ नुसार दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांहून अधिक काळ गाडी ठेवल्यास नव्या नोंदणी क्रमांकासाठी अर्ज करावा लागतो, आणि त्यासाठी मूळ आरटीओची एनओसी (ना-हरकत प्रमाणपत्र), म्हणजे फॉर्म २८ची पूर्तता, आवश्यक असते. ‘एनओसी मागाहून येईल’ या शब्दावर पूर्ण रक्कम देऊ नये.

परिवहन पोर्टलवर मालकांची संख्या, कर्जाचा बोजा, थकीत चलन आणि गाडीचा वर्ग पाहावा. कर्ज फिटले असले तरी फॉर्म ३५ भरून बोजा उतरवलेला नसेल, तर नाव बदलत नाही. गाडी पूर्वी रेंट-अ-कॅब (ग्राहकाने स्वतः चालवायची भाड्याची गाडी) म्हणून, काळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांनी धावली असेल, तर नोंदीत त्याची खूण सापडू शकते. पर्यटकांनी वर्षानुवर्षे हाकलेली गाडी आणि घरगुती गाडी यांची किंमत सारखी असू शकत नाही. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनुसार जुन्या गाड्यांच्या डीलरकडे नोंदणी प्राधिकरणाचे अधिकारपत्र असावे लागते आणि गाडी ताब्यात घेतल्याची सूचना फॉर्म २९-सीने द्यावी लागते. हे अधिकारपत्र दाखवायला सांगावे. विक्रेता मूळ मालकाच्या सह्या असलेले, पण बाकी कोरे फॉर्म २९ व ३० (मालकी बदलण्याचे अर्ज) पुढे करत असेल, तर गाडीची जबाबदारी कोणाची हे अधांतरी राहते.

पैशांच्या बाबतीत एवढेच: वापरलेल्या गाडीवर १८ टक्के जीएसटी साधारणपणे डीलरच्या नफ्यावर असतो, संपूर्ण किमतीवर नाही, जानेवारी २०२५ पासून सर्व प्रकारच्या जुन्या गाड्यांना हाच दर आहे. दहा लाखांहून अधिक किमतीवर घेतलेला १ टक्का टीसीएस (विक्रेत्याने खरेदीदाराकडून गोळा केलेला कर) आपल्या पॅनवर जमा झाला का ते नंतर तपासावे, कारण तो प्राप्तिकरात वळता होतो. टोकन परत कधी मिळेल, नाव बदलण्याची मुदत काय, दुसरी किल्ली कधी देणार, नवे टायर बसवणार का, हे सर्व पावतीवर किंवा ई-मेलवर लिहून घ्यावे. वाद झाल्यास २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो तेथील आयोगाकडे तक्रार करता येते, म्हणजे डीलर बेंगळुरूचा असला तरी पर्वरी किंवा मडगाव येथे. आणि तेथे तोंडी आश्वासनापेक्षा हाच कागद कामी येतो. प्राथमिक मदतीसाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन क्रमांक आहे.

ताबा घेताना विमा आपल्या नावावर करण्याचा अर्ज १४ दिवसांच्या आत करावा, नाहीतर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारला जाऊ शकतो. चाकांच्या लॉक नटचा (चोरी रोखणाऱ्या नटचा) ॲडाप्टर डिकीत आहे का ते पाहावे. तो नसेल तर पंक्चर झालेले चाक निघत नाही. जुन्या मालकाचा फास्टॅग बंद झाल्याची खात्री करावी आणि गाडीच्या कंपनीच्या मोबाइल ॲपवरून त्याचे खाते गाडीपासून डीलरच्या समोरच तोडून घ्यावे, कारण ते राहिले तर गाडी कोठे उभी आहे हे त्याला दिसत राहते आणि काही मॉडेलमध्ये तिचे दारही त्याच्या फोनवरून उघडते.