डिक्टिओस्टेलियमवर काम करताय? एन्झाइमच्या बाबतीत या चुका टाळा

केनेथ रेपर यांनी 1935 मध्ये डिक्टिओस्टेलियम डिस्कॉइडियम या सामाजिक अमीबाचं वर्णन प्रसिद्ध केलं. खायला जिवाणू मिळतात तोवर यातली प्रत्येक पेशी स्वतंत्र जगते. अन्न संपलं की हजारो पेशी एका जागी गोळा होतात आणि साधारण 24 तासांत बारीक देठावर बीजाणूंचा गोळा उभा राहतो. पेशींना बोलावून घेणारा रेणू सायक्लिक एएमपी आहे हे 1967 मध्ये कळलं, आणि तेव्हापासून पाठ्यपुस्तकांत कौतुक या रेणूचंच. प्रयोग अडतो तो मात्र बहुतेक वेळा हा रेणू तोडणाऱ्या एन्झाइमपाशी. एमएस्सी-पीएचडीच्या विद्यार्थ्यांच्या ज्या अडचणी वारंवार समोर येतात, त्यातल्या निम्म्या तरी इथेच उगवतात.

'सायक्लिक एएमपी दिलं, तरी पेशी जमत नाहीत'

जॉन बॉनर यांनी 1947 मध्ये दाखवलं की पेशींना ओढणारा पदार्थ पाण्यातून पसरतो. पण तो गोळा करायला गेलं की त्याचा प्रभाव बघता बघता नाहीसा व्हायचा. ब्रायन शॅफर यांनी 1956 मध्ये यामागे एन्झाइम असल्याचं ओळखलं, म्हणजे संदेश कोणता हे कळण्याच्या अकरा वर्षं आधी तो पुसणाऱ्याचा सुगावा लागला होता. पेशी बाहेर सोडतात ते हे फॉस्फोडायएस्टरेज, आजचं नाव पीडीएसए.

संकेताच्या लाटा साधारण दर सहा मिनिटांनी येतात. मधल्या वेळात सायक्लिक एएमपी साफ झालं नाही तर पेशीवरचे रिसेप्टर त्याला सरावतात आणि पुढची लाट कुठून आली हे पेशीला कळत नाही. पीडीएसए नसलेले म्युटंट (जनुक बदललेल्या पेशी) म्हणूनच एकत्र येऊ शकत नाहीत, संकेताची कमतरता नसतानाही. सुरुवातीलाच मोठा डोस एकदम ओतला तर चांगल्या पेशींचीही तीच गत होते. सस्पेन्शनमधल्या उपाशी पेशींना 30 ते 100 नॅनोमोलरचे छोटे डोस दर सहा मिनिटांनी, पंपाने द्या. उलट, पुढच्या टप्प्यात बीजाणूपूर्व पेशींची जनुकं चालू करायची असतील तर 300 मायक्रोमोलर किंवा त्याहून जास्त लागतं, कारण तोवर पीडीएसए भरपूर असतं आणि थोडंथोडकं उरतच नाही. हे दोन आकडे एकमेकांच्या जागी वापरलेले अनेकदा दिसतात.

आणखी एक खाचखळगा. हे एन्झाइम पेशीबाहेर काम करतं, त्यामुळे म्युटंटच्या प्लेटवर मूळ स्ट्रेनच्या पेशी मिसळल्या तर त्यांनी सोडलेलं एन्झाइम म्युटंटचाही दोष झाकतं. 'जनुक काढलं तरी काही फरक पडला नाही' असं लिहिण्याआधी एका पेशीपासून पुन्हा क्लोन वेगळा करा.

दोन फॉस्फोडायएस्टरेजची गल्लत

पीडीएसए पेशीबाहेर, तर रेगए हे दुसरं फॉस्फोडायएस्टरेज पेशीच्या आत. दोघंही सायक्लिक एएमपी तोडतात, पण रेगएचं काम पेशीच्या आतली पातळी आणि पर्यायाने त्या पातळीवर चालू होणारं एन्झाइम, प्रोटीन कायनेज ए, आटोक्यात ठेवणं. रेगए काढलं तर विकास घाईने होतो आणि बीजाणू वेळेआधीच तयार होतात.

दोघांना बंद करणारी रसायनंही निराळी. पीडीएसए डीटीटीने थांबतं. सस्तन प्राण्यांच्या प्रयोगांतून सवयीने घेतलेलं आयबीएमएक्स त्याला दाद देत नाही, ते रेगएसाठी उपयोगी. सायक्लिक एएमपी किती तयार होतंय हे मोजताना 10 मिलिमोलर डीटीटी आणि 0.2 मिलिमोलर आयबीएमएक्स, दोन्ही घाला. नुसत्या आयबीएमएक्सवर विसंबलात तर आकडे कमी येतील आणि दोष सायक्लिक एएमपी बनवणाऱ्या बिचाऱ्या सायक्लेज एन्झाइमवर जाईल. आणि पीडीएसएचीच क्रिया मोजायची असेल तर बफरमध्ये डीटीटी राहून गेलेलं नाही ना, हे आधी बघा.

स्लग नुसते फिरत राहतात

ढिगारे झाले, त्यांचे स्लग (एकत्र सरपटणारे पेशींचे लांबट गोळे) झाले, पण देठ काही उभा राहत नाही. बहुतेक वेळा प्लेट पॅराफिल्मने घट्ट बंद केलेली असते. उपाशी पेशी स्वतःची प्रथिनं जाळतात, त्यातून अमोनिया निघतो आणि बंद प्लेटमध्ये कोंडतो. डीएचकेसी नावाचं हिस्टिडिन कायनेज हा अमोनिया ओळखतं, रेगए कार्यक्षम होतं, आतलं सायक्लिक एएमपी घसरतं आणि स्लग पुढची पायरी चढत नाही. त्यामुळे नवा म्युटंट सापडल्याचा आनंद साजरा करण्याआधी झाकण थोडं सैल करून बघा. स्ट्रेन तोच, फक्त हवा बदलली आणि देठ उभे राहिले, तर दोष प्लेटचा होता.

एसीए नाही म्हणजे सायक्लिक एएमपीच नाही?

या अमीबात अॅडेनिलिल सायक्लेज तीन आहेत. गोळा होताना एसीए, बीजाणू पक्के होताना एसीआरए, आणि तयार बीजाणूत एसीजी, जे बाहेरचं द्रावण तीव्र असेपर्यंत बीजाणूंना उगवू देत नाही. एसीए नसलेल्या पेशींत प्रोटीन कायनेज ए सतत चालू ठेवलं तर त्या बीजाणूपर्यंत पोचतात, हे 1997 मध्ये दिसलं तेव्हा सायक्लिक एएमपीविना विकास होतो असाच निष्कर्ष निघाला होता. एसीआरए पुढे सापडलं. तुमच्या प्रबंधात तो जुना निष्कर्ष आजही जसाच्या तसा उतरवू नका.

सुपरनेटंटमध्ये (पेशी काढून टाकल्यावर उरलेल्या द्रवात) सापडलं म्हणजे 'स्रवलेलं' नव्हे

उपाशी पेशी लायसोसोममधली आम्लप्रेमी एन्झाइमं, उदाहरणार्थ अल्फा-मॅनोसिडेज आणि अॅसिड फॉस्फटेज, खरोखरच बाहेर टाकतात. पण पेशी फुटल्या तरी हीच एन्झाइमं बाहेर येतात. पेशीरसातलंच असलेलं एखादं एन्झाइम सोबत मोजा. तेही सापडलं तर पेशी फुटल्या आहेत. लायसेट करताना, म्हणजे पेशी फोडताना, सिस्टीन प्रोटिएज ही प्रथिनं तोडणारी एन्झाइमं तुमचं प्रथिन चट्टामट्टा करतात, म्हणून सगळं बर्फावर आणि त्यांना रोखणाऱ्या ई-64 किंवा ल्युपेप्टिनसह. फक्त पीएमएसएफ घालून भागत नाही, ते मुख्यतः सेरीन प्रोटिएजसाठी आहे.

थोडक्यात उरलेलं

तापमान 22 अंश हवं. एप्रिल-मे महिन्यात विदर्भात किंवा मराठवाड्यात वातानुकूलनाशिवायच्या खोलीत या पेशी वाढवायचा विचारच करू नका. एचएल5 या वाढीच्या माध्यमात दाट, स्थिरावलेल्या पेशी घेऊ नका. मिलीलीटरला 20 ते 40 लाख असताना उपाशी ठेवा. दर महिन्याला गोठवलेल्या साठ्यातून नव्याने सुरुवात करा. जीनोममध्ये ए आणि टी सुमारे 78 टक्के आहेत. पीसीआर अडला तर एक्स्टेन्शनचं (नवी डीएनए साखळी बनण्याच्या पायरीचं) तापमान 72 वरून 60-65 अंशांवर आणा, आणि ई. कोलायमध्ये एन्झाइम बनवायचं असेल तर त्याच्या कोडॉनना जुळवलेलं जनुक मागवा.