ग्रीक पोथी वाचायला शिकताना

मध्ययुगीन ग्रीक हस्तलिखितं वाचायला शिकायचंय असं कुणी म्हटलं, की मी आधी एक पोथी बघायला सांगते. ती स्वित्झर्लंडमधल्या बाझल विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. अभ्यासक तिला 'मिनस्क्यूल २' म्हणतात. साधारण बाराव्या शतकातली, चार शुभवर्तमानांची, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चार चरित्रांची. १५१६ साली फ्रोबेनच्या छापखान्यात इरॅस्मस या विद्वानाचा ग्रीक नवा करार छापला गेला, तेव्हा शुभवर्तमानांसाठी जुळाऱ्यांपुढे हीच पोथी होती. इरॅस्मसच्या हातच्या दुरुस्त्या तिच्यावर आहेत. ते बघून फार हुरूप येतो.

छापील ग्रीक सहा महिने तरी वाचा, मगच पोथीकडे वळा. मिनस्क्यूल म्हणजे जोडून लिहायची लिपी. मोडी शिकलेल्यांना ती लवकर उलगडेल, कारण शब्दांमधली जागा धरून चालायचं नाही हे त्यांना आधीच ठाऊक असतं. बीटा आणि कप्पा सुरुवातीला हमखास एकसारखे दिसतात. आपल्या डोळ्यांना आणखी एक सवय मोडावी लागते. 'देव', 'प्रभू', 'येशू' असे पवित्र शब्द लेखनिक दोन-तीन अक्षरांत आखडून वर आडवी रेघ मारतात. आपण ती शिरोरेषा समजून सोडून देतो. मी कितीतरी दिवस सोडत होते.

लेखनिकांच्या चुका ओळखायच्या तर मोठ्याने वाचा. या पोथ्या लिहिल्या गेल्या तोवर ग्रीकमधले कितीतरी स्वर 'ई'सारखेच उच्चारले जाऊ लागले होते. 'आम्ही' आणि 'तुम्ही' दोन्ही शब्द कानाला 'इमीस'. म्हणून पोथ्यांमध्ये त्यांची अदलाबदल सतत सापडते.

आणि वहीत उतरवून काढाच, नुसतं वाचू नका. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात नऊ वचनं 'माकारिओई', म्हणजे 'धन्य', या शब्दाने सुरू होतात. मी ती उतरवली, समाधानाने मोजली, तर आठच भरली. अध्यायाच्या सहाव्या ओवीतल्या 'कारण ते' या शब्दांवरून माझी नजर थेट सातव्या ओवीतल्या त्याच शब्दांवर गेली होती आणि 'तृप्त होतील. जे दयाळू ते धन्य, कारण ते' एवढं मधल्यामधे गळलं होतं. शेकडो वर्षांपूर्वीचे लेखनिकही नेमके असेच घसरत. त्या दिवसापासून दुसऱ्याच्या पोथीत गळलेली ओळ दिसली, की मी आधी तिच्या वरची आणि खालची ओळ शेजारी शेजारी लिहून बघते.