एलिवेटर, वर्म, हॉपर चोक झाले? या चुका टाळा

चोक जिथे दिसतो, तिथे त्याचे कारण बहुतेक वेळा नसते. धान्य बकेटांनी वर नेणाऱ्या एलिवेटरचा बूट, म्हणजे तळाचा भाग, भरला म्हणून सगळे बूटपाशी धावतात, पहार घालतात, दाणे उपसतात, बटण दाबतात आणि दहा मिनिटांत बूट पुन्हा भरतो. खरी अडचण वर हेडला (एलिवेटरच्या वरच्या टोकाला), निकासाच्या पाइपात किंवा पुढच्या क्लीनरच्या चाळणीवर असते. धान्य मागून येत राहते आणि साचते तिथे, जिथून त्याला पुढे जाता येत नाही. म्हणून चोक शोधायचा तो मालाच्या शेवटच्या टोकाकडून मागे मागे.

लातूर, उदगीर, जालना भागातल्या डाळमिल असोत की शेतकरी उत्पादक कंपन्यांची क्लिनिंग-ग्रेडिंग युनिटे, चुका जवळजवळ सारख्याच होतात.

चूक पहिली : वीज न तोडता हात घालणे

स्टार्टरचे लाल बटण दाबले म्हणजे यंत्र सुरक्षित झाले असे नाही. पलीकडे उभा असलेला माणूस लाइन थांबलेली पाहून हिरवे बटण दाबू शकतो. मराठवाड्यात आणखी एक धोका आहे. शेतातल्या पंपाला लावतात तसा ऑटो स्विच काही जण इथल्या स्टार्टरलाही जोडतात. वीज गेली म्हणून एखादा बूटमध्ये हात घालतो, वीज परत येते आणि बकेटांचा पट्टा आपोआप फिरू लागतो. धान्याच्या लाइनवर ऑटो स्विच लावूच नका. असेल तर आजच काढा.

त्या यंत्राचा मेन स्विच खाली करा, त्याला कुलूप घाला आणि किल्ली ज्याचा हात आत जाणार आहे त्याच्याच खिशात ठेवा. स्विचला कुलूप लागत नसेल तर फ्यूज काढून तेही खिशात ठेवा. मग हिरवे बटण एकदा दाबून यंत्र खरोखर मेले आहे याची खात्री करा.

एलिवेटरमध्ये एवढ्यानेही भागत नाही. चढत्या बाजूची बकेटे भरलेली असतात, उतरत्या बाजूची रिकामी. तीस फूट उंची, आठ इंचांवर एक बकेट आणि प्रत्येकी अर्धा किलो माल धरला तरी एका बाजूला पंचेचाळीस बकेटे, म्हणजे २२ किलोच्या आसपास वजन लटकलेले असते. बूटमधल्या धान्यात बकेटे रुतलेली असतात तोवर पट्टा हलत नाही. तुम्ही ते धान्य उपसले की पट्टा एकदम उलटा फिरतो आणि त्याच वेळी बोटे आत असतात. हेडला उलटे फिरणे रोखणारा बॅकस्टॉप असेल तर उत्तम. नसेल तर मधल्या तपासणी झडपेतून दोन लाकडी पट्ट्या पट्ट्याच्या दोन बाजूंनी लावून क्लॅम्पने घट्ट आवळा आणि त्यानंतरच बूट उघडा.

बूट भरला, तर आधी वर पाहा

निकासाच्या पाइपावर खालून वरपर्यंत लाकडी मुठीने ठोका. रिकामा पाइप घणघणतो, भरलेला ठस्स वाजतो. ठस्स आवाज आला तर अडचण पुढे आहे. पुढच्या हॉपरमध्ये (माल साठवायच्या उतरत्या टाकीत) जागा नाही, पाइपाच्या वळणावर बारदानाचा तुकडा अडकला आहे किंवा क्लीनरची चाळणी बुजली आहे. हेडला आलेल्या मालाला बाहेर जायला वाट नाही, म्हणून तो उतरत्या बाजूने परत बूटमध्ये पडतो आहे. अशा वेळी बूट कितीही उपसला तरी उपयोग होणार नाही.

पाइप रिकामा असेल तर पट्टा तपासा. हेड पुली फिरते, पण पट्टा जागेवर किंवा रेंगाळत चालला आहे. म्हणजे तो घसरतो आहे. रबर जळल्याचा वास हीच त्याची खूण. हा वास आला की लाइन लगेच थांबवा. आत बारीक धूळ उडत असते आणि पुलीवर घासून पट्टा तापला की आगीला दुसरे काही लागत नाही. पट्टा घसरण्याची कारणे तीन : ताण कमी झाला, पुलीवरचे रबर झिजून गुळगुळीत झाले किंवा माल इतका टाकला की पट्ट्याला ओढवेना. ताण देताना दोन्ही बाजूंचे स्क्रू सारखेच, एका वेळी अर्धा फेरा फिरवा. एकच बाजू आवळली तर पट्टा एका कडेला सरकतो, बकेटे पत्र्याला घासतात आणि काही दिवसांत बोल्ट सैल होऊन एखादे बकेट तुटून बूटमध्ये पडते. पुढचा चोक त्याचाच.

पाइप रिकामा आणि पट्टाही ठीक, तर मग माल जास्त सोडला जातो आहे. डम्प पिटचे, म्हणजे माल ओतायच्या खड्ड्याचे, शटर किती उघडायचे याची खूण रंगाने करून ठेवा. ‘आज गाड्या जास्त आहेत’ म्हणून शटर पूर्ण उघडले की सगळ्यात जास्त वेळ त्याच दिवशी वाया जातो.

बूट साफ करताना क्रम असा ठेवा. शटर बंद. वीज तोडून कुलूप. पट्टा जखडलेला. आता दोन्ही बाजूंच्या झडपा काढा, पण आधी खालची, म्हणजे माल आपल्या वजनाने घमेल्यात पडतो. उरलेला माल खुरप्याने किंवा लाकडी पट्टीने ओढा. पहार घालू नका, ती बकेटचे ओठ वाकवते आणि पट्ट्याला चीर पाडते. बूट मोकळा झाला की क्लॅम्प काढा, सगळ्यांना बाजूला करा आणि वीज बंद असतानाच हेड पुली हाताने फिरवून पट्ट्याचा एक पूर्ण फेरा घ्या. बोल्ट, बकेटे, जोड नजरेखालून घाला. झडपा बसवा. रिकाम्या लाइनला दोन-तीन मिनिटे चालू द्या आणि नंतर शटर चतुर्थांश उघडा.

घाईत झडपा न बसवता यंत्र चालवून ‘माल आपोआप बाहेर उडेल’ असे करणारे असतात. माल उडतोच, पण त्याच उघड्या तोंडातून बाही आणि उपरणे आत ओढले जाते.

सुरू आणि बंद करण्याचा क्रम

बहुतेक चोक या एका गोष्टीने टळतात, आणि तरीही ती सगळ्यात जास्त विसरली जाते. सुरू करताना शेवटचे यंत्र आधी : पॅकिंगचा हॉपर, मग ग्रेडर, मग क्लीनर, मग एलिवेटर आणि सर्वांत शेवटी डम्प पिटचे शटर. बंद करताना नेमके उलटे. शटर बंद करून प्रत्येक यंत्रातला माल पुढे निघून जाईपर्यंत थांबा. तासाला ५ टनांची लाइन म्हणजे मिनिटाला ८३ किलो. पुढचे यंत्र बंद पडल्यावर मागचे फक्त एक मिनिट चालले तरी पाऊण क्विंटलहून जास्त माल कुठेतरी कोंबला जातो.

पुढची मोटर थांबली की मागची आपोआप थांबावी अशी वायरिंग इलेक्ट्रिशियनकडून करून घेता येते. एका स्टार्टरच्या सहायक कॉन्टॅक्टमधून दुसऱ्याच्या कॉइलला वीज द्यायची, एवढेच ते काम. खर्च किरकोळ आहे आणि जुन्या लाइनलाही करता येते.

मोटर ट्रिप झाली की रिसेट, पुन्हा रिसेट

ओव्हरलोड रिले (जास्त भार आला की मोटर बंद करणारा स्विच) ट्रिप झाला म्हणजे मोटर सांगते आहे की तिला फिरता येत नाही. अडकलेली मोटर सुरू करताना ती पूर्ण भाराच्या पाच ते सात पट करंट ओढते. दोन-तीनदा रिसेट करून दाबले की वाइंडिंग जाते. रिलेचा आकडा वाढवून ठेवणे तर त्याहून वाईट. पाच एचपीच्या थ्री फेज मोटरला साधारण साडेसात अँपिअर लागतात. नेमका आकडा मोटरच्या पाटीवर असतो आणि रिले त्याच आकड्यावर हवा.

चोक नसतानाही मोटर ट्रिप होत असेल तर व्होल्टेज मोजा. मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. ४१५ व्होल्टच्या जागी ३४० मिळाले तर जोर दोन-तृतीयांशच उरतो. त्या वेळेला भरलेला एलिवेटर सुरू होणार नाही, यात यंत्राचा दोष नाही. दुपारी व्होल्टेज पडत असेल तर शटर कमी उघडून चालवा.

वीज अचानक गेली तर सगळी लाइन भरलेल्या अवस्थेत थांबते. वीज येण्याची वाट पाहत बसू नका. आधी सगळे स्टार्टर बंद स्थितीत आणा, शटर लावा आणि वर सांगितल्याप्रमाणे बूट रिकामा करून ठेवा. वीज आली की रिकाम्या बूटवर सुरुवात करा.

डीपी (ट्रान्सफॉर्मर) जळून बदलला किंवा लाइनचे काम झाले की फेज उलटे जोडले गेलेले असू शकतात. मग मोटर उलटी फिरते, वर्म (पिळाचे पाते फिरवून माल पुढे सारणारे यंत्र) माल मागे ढकलतो आणि तोंडापाशी घट्ट कोंबतो. असे काम झाल्यावर प्रत्येक मोटरला रिकामी असताना क्षणभर झटका देऊन दिशा पाहा. फेज उलटे झाले तर सुरूच होऊ न देणारा प्रिव्हेंटर बसवलेला बरा.

वर्ममधली सुतळी आणि तेल

आडवा वर्म धान्यासाठी तिसऱ्या हिश्श्यापासून पंचेचाळीस टक्क्यांपर्यंतच भरायचा असतो. वर्मवर लोखंडी झाकण असते, आत दिसत नाही, म्हणून तो काठोकाठ भरला तरी कळत नाही. मधल्या टांगत्या बेअरिंगपाशी पाते तुटक असते. सुतळी, प्लास्टिक गोणीच्या पट्ट्या, सोयाबीनचे ओले दांडे तिथेच गुंडाळले जातात. एका दिवसात बोटभर जाडीचा गुंडा होतो आणि माल त्यामागे थटतो. उपाय डम्प पिटवर आहे : पिटवर जाळी हवी आणि गोणी फोडताना सुतळी ओढून बाजूच्या डब्यात टाकायची शिस्त हवी. गुंडा काढायचा तर वीज तोडून, धारदार विळ्याने कापून. वर्म उलटा फिरवून सोडवायला गेलात तर माल दुसऱ्या टोकाला दाबला जातो आणि कपलिंगचे बोल्ट कापतात.

तूरडाळीच्या मिलमध्ये तेल लावणाऱ्या वर्मची गोष्ट वेगळी. तिथे तेल, चुनी आणि भुकटी यांचा लगदा पात्यावर आणि खोळीच्या तळाला चिकटतो. रोज थोडा थोडा. आठवड्यानंतर वर्मची अर्धी जागा त्याने व्यापलेली असते आणि माल पूर्वीइतकाच टाकल्याने तो चोक होतो. रोज काम संपल्यावर लाकडी पट्टीने खरवडा. दुसऱ्या दिवशी तो लगदा दगडासारखा होतो.

हॉपरला हातोडी मारू नका

कोरडे धान्य ४५ अंशांच्या उतारावर सरकते. ओलसर मालाला ६० अंशांपर्यंत उतार लागतो. परतीच्या पावसात भिजलेले, हार्वेस्टरने काढलेले, हिरव्या काड्यांसकट आलेले सोयाबीन त्याच हॉपरमध्ये टाकले की तोंडावर कमान धरते. वर माल आणि खाली पोकळी. १२ टक्क्यांहून जास्त ओलाव्याचा माल आधी पसरून वाळवा. मॉइश्चर मीटर गेटवरच हवे.

हातोडीने पत्रा ठोकला की त्या दिवशी माल सुटतो. पण प्रत्येक ठोक्याचा आत एक उंचवटा तयार होतो आणि पुढची कमान तिथेच टेकते. त्याऐवजी रबरी हातोडा वापरा किंवा बाहेरून वायब्रेटर लावा. वायब्रेटर मात्र खालचे शटर उघडे असतानाच चालवा. बंद शटरवर चालवलात तर माल आणखी घट्ट बसतो.

आणि कमान फोडायला कुणीही हॉपरमध्ये किंवा सायलोत उतरू नये, ‘फक्त पायाने दाबतो’ म्हणूनही नाही. कमान फुटली की माणूस धान्यासोबत खाली जातो. खालून माल निघत असेल तर काही सेकंदांत गुडघे रुततात आणि मग स्वतःच्या बळावर बाहेर येता येत नाही. कंबरेपर्यंत रुतलेल्याला दोरीने ओढल्याने इजा होते. निकास बंद करा, त्याच्याभोवती पत्रे किंवा फळ्या उभ्या रोवा आणि आतले धान्य घमेल्याने काढा. कमान फोडायची ती वरच्या तोंडाबाहेर उभे राहून लांब बांबूने किंवा खालून बाजूच्या झडपेतून. गोदामात धुरीच्या गोळ्या टाकल्या असतील तर हवा खेळती होईपर्यंत आत जाऊ नका.

चोक काढताना वेल्डिंग किंवा गॅस कटरचा तर विचारही नको. झडप गंजून अडली असेल तर पाना आणि तेल वापरा.

मळणी यंत्र

शेतावरचा चोक याच कुळातला, फक्त त्यात जास्त हात गेले आहेत. ओली पेंडी एकदम लोटली, पट्टे सैल असले किंवा ट्रॅक्टरचे आरपीएम घसरले की ड्रम अडतो. सुरक्षित घमेल्याची, म्हणजे पेंडी सारायच्या तोंडाची, लांबी किमान ९० सेंटीमीटर आणि त्यातला ४५ सेंटीमीटर भाग वरून झाकलेला असावा. १९८३ च्या धोकादायक यंत्रे नियमन कायद्याच्या कक्षेत मळणी यंत्रे येतात. भाड्याने यंत्र आणतानाच हे तोंड मोजून घ्या. चोक झाला तर पीटीओ (ट्रॅक्टरवरून यंत्र फिरवणारा दांडा) सोडवा, ट्रॅक्टर बंद करा, किल्ली काढून घ्या आणि ड्रम पूर्ण थांबेपर्यंत थांबा. फ्लायव्हील बराच वेळ फिरत राहते.

चाळणी आणि पिट

चाळणीच्या छिद्रात फुटकी डाळ अडकली की हातोडीने ठोकू नका, पितळी किंवा नायलॉनचा ब्रश मागच्या बाजूने फिरवा. खालचे रबरी बॉल झिजून लहान झाले असतील तर उसळत नाहीत, ते बदला.

काळ्या मातीत जमीन फुगते, आकसते आणि पिटच्या भिंतींना तडे जातात. पावसाळ्यात त्यातून पाणी पाझरते, बूटमध्ये राहिलेले धान्य कुजून गोळा होते आणि ऑक्टोबरच्या पहिल्याच दिवशी लाइन अडते. हंगाम संपला की बूट पूर्ण रिकामा करा, खालची झडप उघडीच ठेवा, पट्ट्याचा ताण थोडा सोडा आणि पिटचे तोंड ताडपत्रीने झाका. नव्या हंगामात माल टाकण्याआधी पिटमध्ये बॅटरी मारून पाणी आहे का ते पाहा.