फ्रेंच फोन नंबर उतरवताना ७० ते ९९ चा घोळ टाळा

फ्रान्समध्ये दहा आकडी फोन नंबर दोन-दोन आकड्यांच्या पाच जोड्या करून सांगतात. 'स्वासाँत' ऐकलं की आपण घाईने ६० लिहितो, मागून 'कँझ' म्हणजे १५ येतं, आणि मग खाडाखोड. कारण तिथे ७५ म्हणजे साठ-पंधरा.

यावर सोपा उपाय :

१. 'स्वासाँत' (६०) किंवा 'कात्र-व्हँ' (८०) ऐकू आलं की पेन थांबवा. काहीही लिहू नका.

२. पुढचा शब्द एक ते नऊमधला असेल, तर ६ किंवा ८ लिहून तो आकडा जोडा. काहीच आलं नाही, तर शून्य.

३. पुढचा शब्द दहा ते एकोणीसमधला असेल, तर ६ ऐवजी ७, ८ ऐवजी ९ लिहा आणि त्या संख्येचा शेवटचा आकडा जोडा. 'कात्र-व्हँ-दूझ' : ऐंशी-बारा, म्हणून ९२.

'कात्र-व्हँ' म्हणजे शब्दशः चार विसा. आपल्याकडची जुनी माणसं बाजारात 'चार विसा नि दहा' असंच मोजायची, त्यामुळे ९० चं कोडं आजीला आपल्यापेक्षा लवकर सुटेल!

सराव रोज पाच मिनिटं पुरे. मोबाइलमधले नंबर जोड्या पाडून मोठ्याने वाचा.

एक सांभाळा : बेल्जियम आणि स्वित्झर्लंडमध्ये ७० ला 'सेप्ताँत' आणि ९० ला 'नोनाँत' म्हणतात. तिथे हे शब्द ऐकले की सरळ ७ किंवा ९ लिहायला घ्या.